पावसात बसायची जागा: पिंपरी-चिंचवड ते चाकण

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात पावसाळ्यात बसायला जागा लागते ती बहुतेकदा कामामुळे. गेटपास होईपर्यंत थांबलेला पुरवठादाराचा माणूस, मशीन दुरुस्तीला आलेला सर्व्हिस इंजिनिअर, दोन कंपन्यांच्या मधल्या वेळेत कोटेशन पाठवणारा विक्री प्रतिनिधी, घरची लाईट गेली म्हणून लॅपटॉप घेऊन बाहेर पडलेली डिझायनर, तिसरी पाळी करून आलेल्या जोडीदाराची झोप मोडू नये म्हणून दुपार खोलीबाहेर काढणारा कामगार. डोक्यावर छप्पर असलेली आणि तासभर कोणी उठवणार नाही अशी जागा या सगळ्यांना हवी असते. उन्हाळ्या-हिवाळ्यात तिची टंचाई जाणवत नाही. झाडाखाली गाडी लावून, कट्ट्यावर, निगडीच्या दुर्गा टेकडीवर वेळ निघून जातो. पाऊस लागला की या फुकटच्या जागा एकदम बंद होतात आणि चहा-कॉफीच्या किमतीत बसण्याचे भाडे धरले जाते.

या भागात निवांत बसण्याची हॉटेले उशिरा का आली, याचे कारण शहराच्या घडणीत आहे. पुण्यात कॅम्पात आणि डेक्कनवर इराण्यांची हॉटेले होती. डेक्कनचे कॅफे गुडलक १९३५ पासून चालू आहे. तेव्हा पिंपरी, चिंचवड, भोसरी ही गावेच होती. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली, राज्यात एमआयडीसी १९६२ मध्ये आली, आणि बजाज, टेल्को यांच्यासारख्या मोठ्या कारखान्यांभोवती वस्ती वाढली. नगरपालिका झाली १९७० मध्ये, महापालिका १९८२ मध्ये. म्हणजे शहराआधी कारखाना आणि कारखान्याबरोबर त्याचे कँटीन, असा क्रम. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांत कँटीनची आणि दीडशेहून अधिक कामगार असतील तिथे विश्रांतीच्या व डबा खाण्याच्या खोलीची तरतूद केली होती. कामगाराचा चहा, नाश्ता, जेवण भिंतीच्या आत आणि सवलतीच्या दरात होत असेल, तर गेटबाहेर खुर्च्या मांडून हॉटेल चालवणार कोण? बाहेर उरली ती टपरी. भोसरीच्या छोट्या शेडमध्ये, जिथे दहा-वीस माणसे लेथवर आणि प्रेसवर काम करतात, तिथे कँटीनही नव्हते. चहा किटलीतून येई आणि मशीनशेजारी उभ्याने पिऊन होई. बसण्याची सवय लागायला कारणच नव्हते.

अपवाद पिंपरी कॅम्पाचा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची ही वसाहत, आणि तिथली बाजारपेठ आजही सकाळी दाल-पकवानावर जागी होते. पण तिथेही खाणे झाले की गिऱ्हाइकाने जागा मोकळी करायची असते. पिशव्या घेऊन मागे रांगेत उभी असलेली माणसे तसे डोळ्यांनीच सांगतात.

आज पावसात आसरा घ्यायचा तर पहिली जागा अजूनही टपरीच. निळे प्लास्टिक बांधलेली, दोन बाके टाकलेली. दहा-पंधरा रुपयांत कटिंग मिळतो, सोबत क्रीमरोल किंवा खारी. सर ओसरेपर्यंत थांबायला तिच्यासारखी जागा नाही. कामाला मात्र ती कुचकामी. वरच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की फोनवरचे बोलणे ऐकू येत नाही, आणि समोरून खड्ड्यातले पाणी उडवत टेम्पो गेला की लॅपटॉपची आशा सोडावी लागते. शिवाय टपरीवाला बिल देत नाही. फिरतीच्या माणसाला खर्चाच्या कागदाला बिल जोडावे लागते, त्यामुळे टपरीचे सगळे चहा स्वतःच्या खिशातून जातात. महिन्याअखेर ती रक्कम बरीच होते.

अमृततुल्य ही त्यापुढची पायरी. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी पुण्यात रुजवलेला हा चहा मुळात दुकानात बसून प्यायचा. पितळी पातेल्यात दूध, पाणी, साखर आणि पूड एकत्र उकळते, आले-वेलदोडा खलबत्त्यात कुटून पडतो, चहा फडक्यातून गाळला जातो, आणि ओला हात फडक्याला पुसत मालक काचेचे ग्लास पुढे सरकवतो. जुन्या दुकानांत भिंतीला लागून अरुंद बाके आणि समोर संगमरवरी किंवा फॉर्मायकाची पट्टी असे. गेल्या दहा वर्षांत याच नावाच्या फ्रँचायझी चिखलीपासून वाकडपर्यंत चौकाचौकात उघडल्या. चहा वाईट नाही, पण बाके गेली. स्टीलचा काउंटर, बाहेर कमरेइतक्या उंचीची दोन गोल टेबले, आणि उभे राहून प्या. पावसात अशा दुकानाच्या शेडखाली वीस माणसे दाटीवाटीने उभी असतात आणि दर दोन मिनिटांनी कोणाच्या तरी रेनकोटचे पाणी दुसऱ्याच्या बुटात जाते. अमृततुल्याने बसण्याची सोय काढून टाकली, हा या धंद्यातला सर्वांत वाईट बदल म्हणावा लागेल.

प्रत्यक्ष कामासाठी या पट्ट्यातली सर्वांत भरवशाची जागा म्हणजे साधे उडुपी हॉटेल. ते दिसायला सुंदर नसते. ट्यूबलाईटचा पांढरा उजेड, सनमायकाची टेबले, काउंटरमागे बालाजीचा फोटो. पण सकाळी सातला उघडते, स्वच्छतागृह असते, बिल मिळते, आणि नाश्त्याची गर्दी अकराच्या सुमारास ओसरली की दुपारच्या जेवणापर्यंत कोपऱ्यातल्या टेबलाकडे कोणी बघत नाही. पुन्हा साडेतीन ते सहा तशीच शांतता. वाहन उद्योगाच्या पुरवठादारांची कितीतरी कागदपत्रे या वेळांत तयार होतात. ग्राहकाच्या लाइनवर पार्ट नाकारला गेला की पुरवठादाराच्या क्वालिटी इंजिनिअरला बोलावणे येते. आत माल निवडून वेगळा करायचा आणि चोवीस तासांच्या आत तात्पुरत्या उपायाचे उत्तर पाठवायचे, असा बहुतेक ठिकाणचा शिरस्ता. प्लांटमध्ये लॅपटॉप न्यायचा तर गेटवर त्याची नोंद, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर. म्हणून फोटो आणि अहवाल दोन्ही बाहेर आल्यावरच होतात. मग चित्र असे दिसते: वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेले कास्टिंग टेबलावर, शेजारी व्हर्निअर, खाली पांढरा पेपर नॅपकिन पसरलेला, म्हणजे फोटोत चीर नीट दिसावी. वेटर इडलीची बशी कास्टिंगला वळसा घालून ठेवतो. त्याला याचे काही वाटत नाही. आठवड्यात दोन-तीनदा तो हे पाहतो.

हॉटेलात बसून काम करणाऱ्याने इथे एक पथ्य मात्र पाळावे. शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस त्याच ग्राहकाला तोच पार्ट देणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा असण्याची शक्यता या भागात पुष्कळ असते. ड्रॉइंग उघडे ठेवून हात धुवायला जाऊ नये, फोनवर भाव मोठ्याने बोलू नये, आणि हॉटेलचे वाय-फाय असले तरी कंपनीच्या मेलसाठी आपलाच हॉटस्पॉट वापरावा.

ज्यांना आज लोक कॅफे म्हणतात ती दुकाने तीन निरनिराळ्या वस्त्यांमुळे आली. आकुर्डी-निगडीत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, म्हणून तिथे मॅगी, कोल्ड कॉफी आणि चीज सँडविचची छोटी दुकाने. भिंतीवर गिटार टांगलेली असते, ती कोणी वाजवत नाही. वाकड, पिंपळे सौदागर, रावेतकडे हिंजवडीची नोकरदार मंडळी राहतात. साखळी कॉफी-दुकाने आणि मोठ्या काचांचे कॅफे तिकडे. तिसरा आणि बसायला सर्वांत सुखाचा प्रकार निगडी प्राधिकरणात सापडतो. कामगारांना घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याने आखलेले रुंद रस्ते आणि वाढलेली झाडे आज बंगल्यांच्या वाट्याला आली आहेत. प्राधिकरण २०२१ मध्ये विलीन झाले, तरी लोकांच्या तोंडी भागाचे नाव तेच आहे. इथल्या काही बंगल्यांच्या तळमजल्यावर आणि पार्किंगमध्ये कॅफे निघाले. झाडांमुळे पाऊस अंगावर येत नाही, रस्त्यावर अवजड वाहने नाहीत, आणि मालक बहुधा स्वतः हजर असतो. कॉफी दीडशे-दोनशेच्या घरात जाते. जायफळ घातलेल्या घरच्या कॉफीवर वाढलेल्या पिढीला ती कडू आणि महाग वाटते, आणि दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण तिथे पैसे मोजायचे ते मुख्यतः खुर्चीचे.

खुर्चीला एवढी किंमत का, हे कळायला कॉट बेसिस समजून घ्यावे लागते. भोसरी, चिखली, म्हाळुंगे, नाणेकरवाडी, कुरुळी या भागांत एका खोलीत चार-सहा जण कॉटप्रमाणे भाडे देऊन राहतात. त्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या. एक जण रात्रीची करून आलेला असतो तेव्हा खोलीत दिवा लावायचा नाही, फोनवर बोलायचे नाही, असा अलिखित नियम. दुसऱ्या पाळीच्या माणसाला सकाळचे चार-पाच तास त्यामुळे बाहेरच काढावे लागतात. आयटीआयनंतर डिप्लोमाचा अभ्यास करणारे, स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरणारे, गावी व्हिडिओ कॉल लावणारे, सगळे याच वेळी जागा शोधतात. शहरात अभ्यासिका आहेत, पण तिथे बोलता येत नाही आणि डबा उघडता येत नाही. चहाचे दुकान ही या मुलांची बाहेरची खोली असते, आणि पावसाळ्यात दुसरा पर्यायही नसतो. म्हणूनच ज्या दुकानदाराने एका चहावर दीड तास बसू दिले त्याचे नाव ते गावाकडेही सांगतात.

जागा निवडण्यापूर्वी पाऊस ओळखता आला पाहिजे. पुण्याच्या आसपास मोसमी पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास येतो. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला आणि छत्र्या माळ्यावरच राहिल्या. घाटाकडून पूर्वेकडे येताना पाऊस झपाट्याने उतरतो. लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर, तर पुण्यात शिवाजीनगरला ७०० ते ८०० च्या आसपास. पिंपरी-चिंचवड या दोन टोकांच्या मध्ये पसरले आहे, त्यामुळे रावेत-निगडीला झड लागलेली असताना मोशी-चाकणला नुसती भुरभुर असते. रावेतच्या माणसाला चाकणच्या माणसाचा ‘इकडे काही नाही’ हा निरोप खोटा वाटतो, पण तो खराच असतो. जुलै-ऑगस्टचा पाऊस दिवसभर रिपरिपत राहतो. तेव्हा थांबण्यात अर्थ नसतो. लांब बसता येईल अशी जागा आधीच ठरवून निघावे. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस दुपारी तीन-चारनंतर गडगडाटासह कोसळतो आणि बऱ्याचदा तास-दीड तासात आटोपतो. तेव्हा जवळ दिसेल ते दुकान गाठावे. दुचाकीवाल्यांनी मेट्रोच्या खांबांखाली आणि उड्डाणपुलाखाली गर्दी केलेली असते, ती याच पावसात.

नदीचा विचार वेगळा. पवना धरण भरले की विसर्ग सुरू होतो आणि चिंचवडला मोरया गोसावी मंदिराच्या परिसरात पाणी शिरते. खाली सांगवी-दापोडीकडे पवना मुळेला मिळते, तिथले सखल रस्तेही बंद होतात. अशा दिवशी नदीपलीकडचे कितीही आवडते दुकान असो, त्याचा नाद सोडावा. आणखी एक दिवस हमखास अडचणीचा: संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामी येते, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पुण्याकडे जाते, तेव्हा वाहतूक वळवलेली असते. त्या दिवशी मंडळे वाटेवर चहा-नाश्ता वाटतात, आणि कामाची बॅग घेऊन निघालेला माणूस तासाभरात वारकऱ्यांना ग्लास भरून देताना दिसतो.

वाराचा हिशेब बाहेरून आलेल्याला उमजत नाही. इथल्या औद्योगिक भागाची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि महावितरणची देखभालीची कामेही बहुधा गुरुवारीच निघतात. त्यामुळे गुरुवारी सुट्टीवरचे कामगार आणि घरी लाईट नसलेले लॅपटॉपवाले एकाच वेळी हॉटेलात येतात. शनिवारी-रविवारी हीच गर्दी वाकड-पिंपळे सौदागरकडे, कारण संगणकवाल्यांची सुट्टी तेव्हा. याच्या उलट चालले तर जागा मिळते: गुरुवारी पश्चिमेकडे, शनिवारी पूर्वेकडे. मात्र गुरुवारी कुठेही बसण्याआधी इन्व्हर्टर आहे का, आणि तो नुसते दिवे-पंखे चालवतो की प्लगलाही वीज देतो, हे विचारून घ्यावे. ‘बॅकअप आहे’ या उत्तराचा अर्थ बहुतेक ठिकाणी फक्त दिवे असा निघतो.

दुकान पारखायला पाच मिनिटे पुरतात. दारात पोते किंवा पायपुसणे टाकले असेल आणि ते वेळोवेळी बदलले जात असेल, तर मालकाचे लक्ष आहे असे समजावे. छत्र्यांना बादली हवी, नाहीतर सगळ्या छत्र्यांचे पाणी फरशीवर फिरते. प्लग टेबलाच्या उंचीवर आहे की फरशीलगत, हे ओल्या दिवसांत महत्त्वाचे. वातानुकूलित दुकान भिजलेल्या कपड्यांत शिक्षा ठरते. त्यापेक्षा पंख्याखालची, दारापासून दूरची जागा बरी. छताला पत्रा आहे की स्लॅब, हे आत शिरतानाच बघावे.

बाईमाणसासाठी ही यादी स्वच्छतागृहापासून सुरू होते आणि अनेकदा तिथेच संपते. टपरी आणि उभ्याचे अमृततुल्य तिच्या उपयोगाचे नाही. पाळीच्या बसला अर्धा तास असेल आणि पाऊस पडत असेल, तर पुरुष सहकारी दहा रुपयांत थांबतो, आणि तिला उडुपी किंवा कॅफे गाठून शंभरावर खर्च करावा लागतो. एकाच गेटबाहेर, एकाच पावसात थांबण्याचे दोन दर आहेत, आणि ही गोष्ट कोणत्याही कॅफेच्या कौतुकात येत नाही.

मालकाची बाजूही पाहिली पाहिजे. गाळ्याचे भाडे, कारागिरांचे पगार, गॅस हे सगळे त्याला टेबलांच्या फेऱ्यांमधून काढायचे असते. तासाला एक ऑर्डर, जेवणाच्या वेळी चौघांचे टेबल एकट्याने न अडवणे, आणि लांबलचक कॉल बाहेर जाऊन घेणे, एवढे केले तर ‘जास्त वेळ बसू नये’ अशी पाटी लावायची वेळ त्याच्यावर येत नाही. ‘चालेल का थोडा वेळ बसलो तर, काका?’ असे आधी विचारणाऱ्याला सहसा नकार मिळत नाही. न विचारता चार्जर लावणाऱ्याचा चहा मात्र लवकर येतो आणि बिल त्याहून लवकर.

चाकणची गोष्ट अजून कच्ची आहे. हे गाव संग्रामदुर्गाचे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्ताखानाविरुद्ध तो लढवला. पुढे कांद्याच्या बाजारामुळे ते ओळखले गेले, आणि बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र यांच्या कारखान्यांनंतर मोटारींमुळे. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. जमिनी विकलेल्या शेतकऱ्यांनी उरलेल्या तुकड्यांवर इमारती बांधल्या: खाली गाळे, वर खोल्या. गाळ्यांत मेस, मोबाईल दुरुस्ती, चहा, बिर्याणी. निवांत बसण्याची जागा तुरळक. जी आहेत ती हमरस्त्यालगतची हॉटेले, आणि तिथे पोहोचणे हेच मोठे काम. तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक पावसात तुंबले की दोन किलोमीटरला तास जातो. नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. पण पूल झाल्याने खाली थांबलेल्याच्या डोक्यावर छप्पर येईल असे नाही. तूर्त अनुभवी माणसे एवढेच करतात की दुपारी दोन ते चारच्या पाळीबदलात रस्त्यावर येत नाहीत. कंपनीच्या बसगाड्या निघून जाईपर्यंत ती हॉटेलात बसून मेल उरकतात आणि पाचच्या आत मोशी ओलांडतात.

गेटबाहेर थांबलेला माणूस त्या कारखान्याच्याच कामासाठी आलेला असतो. औद्योगिक वसाहतींच्या आराखड्यात सुविधांसाठी भूखंड राखलेले असतात. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या रस्त्यांवर अशा एकेका भूखंडावर स्लॅबचे छप्पर, बाके, चार्जिंगचे प्लग, स्त्री-पुरुषांसाठी स्वच्छतागृहे आणि परवान्याने चालणारी दोन चहाची दुकाने उभी करायला फार पैसा लागणार नाही. औद्योगिक महामंडळ, ग्रामपंचायती आणि कारखानदारांच्या संघटना यांनी हे पुढच्या जूनपूर्वी करावे.